व्याह्यांची खानेसुमारी

पृथ्वीच्या पाठीवर असा एकही देश उरलेला नसेल, ज्याच्या लोकसंख्येने माझी दुपारची झोप मोडलेली नाही. मोठ्या देशांचं एक वेळ सोडा, तिथे माणसांची वस्तीच एवढी की थोडा गलका व्हायचाच. पण नकाशात भिंग लावून शोधावी लागतात अशा बेटांनीसुद्धा मला चटईवरून उठवून बसवलेलं आहे. याचं सगळं श्रेय आमच्या व्याह्यांना, म्हणजे आमच्या सुजाताच्या सासऱ्यांना. कुठल्या देशात किती माणसं आहेत, तो कोणाच्या पुढे आहे आणि कोणाच्या मागे, कोण वर सरकतोय आणि कोणाचं आता काही खरं नाही, हे त्या देशाच्या सरकारलाही नसेल तितकं आमच्या व्याह्यांना ठाऊक असतं. आणि ते दर शनिवारी दुपारी मलाही ठाऊक व्हावं अशी त्यांची मनापासूनची तळमळ असते. दुसरा कोणी असता तर मी "घरात कोणी नाही" असं आतूनच ओरडून सांगितलं असतं. पण मुलीच्या सासऱ्याला असं सांगता येत नाही. मुलीचे सासरे दारात आले की माणूस उठतो, सदऱ्याची बटणं लावतो, "या या" म्हणतो आणि आतल्या आत मरून जातो.

आमचे व्याही एसटीत वाहतूक नियंत्रक होते. चौकशीच्या खिडकीमागे बसून कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागली ते ध्वनिक्षेपकावर सांगायचं, हे त्यांचं काम. सगळी नोकरी त्यात गेल्यामुळे दोन गोष्टी त्यांच्या अंगात कायमच्या मुरल्या. एक म्हणजे समोरचा माणूस हातभर अंतरावर बसलेला असला तरी तो स्टँडच्या पार पलीकडच्या टोकाला, मुताऱ्यांपाशी उभा आहे असं समजून ते बोलतात. आणि दुसरी म्हणजे त्यांना देश गाड्यांसारखे दिसतात. "ब्राझील! पाचव्यावर होता, आता सातव्याला लागलाय! पाकिस्तान पुढं गेला, नायजेरिया पुढं गेला, ब्राझील आपला हुबा!" हे आमच्या ओटीवरून एका शनिवारी त्यांनी जाहीर केलं, तेव्हा शेजारच्या बाई कुंपणाशी येऊन आमच्या हिला हळूच विचारून गेल्या, की ब्राझीलला तुमचं कोणी असतं का. हा नाद त्यांना लागला तोही त्या खिडकीतच. कोणा प्रवाशाचं सामान्यज्ञानाचं एक पुस्तक तिथे राहून गेलं. दोन गाड्यांच्या मधल्या वेळात यांनी ते चाळायला घेतलं, देशांची लोकसंख्या दिलेली पानं उघडली आणि उरलेलं पुस्तक आजवर वाचलेलं नाही. आता पुस्तकाची जागा मोबाइलने घेतली आहे. त्यात म्हणे असं काही आहे, की जगाचा आकडा डोळ्यांदेखत फिरत असतो. तो मोबाइल ते माझ्या नाकाला लावतात आणि "बगा बगा, वाढला!" म्हणून मलाच दोषी धरल्यासारखे माझ्याकडे बघतात.

सुजाताच्या लग्नाच्या बैठकीतच मला याची कल्पना यायला हवी होती. पावसच्या अलीकडे त्यांचं गाव आहे, तिथून ते पाचसहा भाऊबंद घेऊन रत्नागिरीत आमच्या घरी आले होते. पोहे झाले, चहा झाला, आणि माणसं किती येणार हा विषय निघाला. आमच्याकडे भाऊबंदकी अशी नाहीच. जे आहेत ते एका टेम्पोत मावतात, आणि त्यांतले दोघे एकमेकांशी बोलत नसल्यामुळे एका वेळी येत नाहीत. मी तसं सांगितलं. त्यावर व्याह्यांनी माझ्याकडे मोठ्या सहानुभूतीने पाहिलं आणि म्हणाले, "मंजे तुमी न्यूझीलंड. आमी इंडोनेशिया." आमच्या हिला हा घराण्याचा अपमान वाटला. ही पुढचे कित्येक दिवस धुसफुसत होती. न्यूझीलंड हे काही वाईट ठिकाण नाही, तिथली माणसं सुखी असतात, हे मी परोपरीने समजावून पाहिलं. लग्नात मात्र इंडोनेशिया खरोखरच आला. दोन पंक्ती वाढीव घालाव्या लागल्या, आणि व्याही मांडवाच्या तोंडाशी उभे राहून, येणाऱ्या प्रत्येकाला मोजत, अभिमानाने फुलून गेले होते.

त्यांच्या दृष्टीने देश म्हणजे घरची माणसंच. एखादा वर सरकला की ते खूश होतात, घसरला की त्यांना अन्न गोड लागत नाही. एका शनिवारी ते आले तेच पाय ओढत. चपला काढल्या, खुंटीला पिशवी लावली, पाण्याचा तांब्या तोंडाला न लावताच खाली ठेवला आणि म्हणाले, "गेला." ही आतून लगबगीने बाहेर आली. "अगो बाई! कोण गेलं?" व्याह्यांनी मान हलवली. "पयल्यापासनं धट्टाकट्टा व्हता हो. आमच्या लहानपणी काय त्याचा दरारा!" ही आत जाऊन गॅस बंद करून आली. आंघोळीचं पाणी तापवायला ठेवावं का, असं तिने मला डोळ्यांनी विचारलं. मी घाबरत घाबरत म्हटलं, "वय काय होतं?" त्यावर व्याही म्हणाले, "वयच झालं ना सगळ्यांचं. म्हातारेच उरलेत तिकडं. जपान गेला हो पयल्या दहातनं!" ही तडक आत गेली आणि गॅस पुन्हा पेटल्याचा आवाज आला. त्या दिवशीचा चहा फार कडू झाला होता, असं मला आठवतं.

चीनची गोष्ट याहून लांब आणि याहून दमवणारी. आपला देश चीनला कधी मागे टाकतो, याची वाट ते वर्षानुवर्षं बघत होते. दर शनिवारी दोघांतलं अंतर किती राहिलं ते मला कळायचं. ते अंतर कमी होत गेलं तसतसा त्यांचा आवाज चढत गेला, आणि माझ्या कानाच्या डॉक्टरांनी मला विचारलं की तुम्ही कारखान्यात होता का. मी नोकरी केली ती कॉलेजच्या ऑफिसात. तिथे सगळ्यात मोठा आवाज पंख्याचा. शेवटी दोनचार वर्षांपूर्वी आपण पुढे गेलो अशी बातमी आली. मी मनात म्हटलं, सुटलो. आज पेढे येणार, आणि पुढच्या शनिवारपासून मी गाढ झोपणार. पेढे आलेच नाहीत. व्याही आले ते मोबाइल खिशातच ठेवून ओटीवर टेकले. मग म्हणाले, "आता पुढं कोण नाय." मी म्हटलं, "मग बरं झालं की!" ते म्हणाले, "काय बरं? पुढं कोण नाय, तर बगायचं कोणाकडं?" एवढ्या वर्षांत त्यांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न होता. मग त्यांनी आपला मोर्चा छोट्या देशांकडे वळवला आणि माझे शनिवार पूर्ववत सुरू झाले.

एक आकडा मात्र ते कधी मोठ्याने सांगत नाहीत. मागच्या जनगणनेत आपल्या जिल्ह्याची लोकसंख्या आधीपेक्षा घटली होती. अख्खा देश भराभर वाढत असताना आपलंच घर रिकामं व्हावं, ही गोष्ट त्यांना स्वतःची बदनामी वाटते. त्यांच्या वाडीत कुलपं जास्त आणि माणसं कमी. तरणी पोरं सगळी मुंबई-ठाण्याला, आमचे जावई आणि सुजाताही तिकडेच. एरवी त्या वाडीत संध्याकाळी हाक मारली तर एखादी म्हातारी आणि एखादं कुत्रं एवढेच ओ देतात. पण गणपतीत कुलपं निघतात, अंगणात चपलांचे ढीग पडतात, विहिरीवर रांग लागते, आणि त्या पाचसात दिवसांत आमचे व्याही घराघरांतून फिरून सगळ्यांची नोंद घेत हिंडतात. "आज आमी नेपाळला मागं टाकला," असं ते मला फोनवर सांगतात. मी "वा वा" म्हणतो. माणसाने किती वेळा वा वा म्हणावं याला काही मर्यादा असावी असं मला वाटतं, पण व्याह्यांच्या बाबतीत ती सापडलेली नाही.

हे सगळं मी हसत सांगतोय खरा, पण त्यांच्या या नादाची मला एका बाजूने धास्तीच होती, आणि ती झोपेपेक्षा फार मोठी होती. सुजाताच्या लग्नाला बरीच वर्षं झाली. तिला दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा मूल हाती लागलं नाही. दुसऱ्या वेळी तर ती आमच्याकडेच होती. त्यानंतर डॉक्टर झाले, औषधं झाली, आणि एके दिवशी ती दोघं म्हणाली की आता पुरे, आता आम्हाला आणखी याच्यात पडायचं नाही. आम्ही दोघं नवराबायको त्यावर एकमेकांशीही बोलत नाही. बाहेरचं कोणी विचारलं तर ही भांडी घासायला लागते, घासलेली असली तरी. अशा घरात दर शनिवारी एक माणूस येऊन लोकसंख्येवर बोलतो! लोकसंख्या म्हटली की कधी ना कधी गाडी पाळण्यापाशी येणारच, आणि मग हे मोठ्या आवाजात काय बोलतील, या विचाराने माझा जीव टांगणीला लागलेला असे. डोळे मिटत असत ते झोपेने, पण कान उघडे असत ते भीतीने. असा मी दुहेरी दमत होतो.

त्यातून त्यांच्याकडची गौर. आपल्याकडे गौरीला सुना ओवसा भरतात. सुपात फळं, काकडी, पानं, वाण घालून ते गौरीपुढे ओवाळायचं आणि मग घरातल्या, भावकीतल्या थोरल्या बायकांपुढे एकेक करून धरायचं. प्रत्येकीने त्यावर हात ठेवायचा आणि आशीर्वाद द्यायचा. आता आशीर्वाद काय असतो ते सांगायला नको. आणि ज्या सुनेची कूस अजून उजवलेली नाही तिला आशीर्वादाबरोबर चार प्रश्नही मिळतात, तेही भरल्या माजघरात. आमच्या घरीही गणपती, त्यामुळे त्या दिवशी तिकडे जाणं आम्हाला कधी जमलं नव्हतं. संध्याकाळी आम्ही फोन करायचो, ती "छान झालं" म्हणायची, आणि फोन ठेवल्यावर ही पदराने डोळे पुसायची. यंदा आमचा गणपती दीड दिवसाचा केला. दोघांनाही आता उरकत नाही, हे खरं कारण. विसर्जन झालं, आणि गौरीच्या दिवशी आम्ही सकाळच्या गाडीने व्याह्यांकडे जाऊन थडकलो.

माजघर बायकांनी गच्च भरलेलं. मी पडवीत, माजघराच्या उंबऱ्याजवळच्या खांबाला टेकून बसलो होतो, तिथून आतलं सगळं दिसत होतं. व्याही माझ्या शेजारी होते आणि मला फिजीबद्दल काही सांगत होते. आत सुजाता सूप घेऊन एकेकीपुढे वाकत होती. तीनचार जणी नीट पार पडल्या. मग आल्या थोरल्या घरच्या काकी, व्याह्यांच्या चुलतभावाची बायको. बाई मनाने वाईट नाही. पण जिभेला हाड नाही आणि वाडीत त्यांच्यापेक्षा मोठं कोणी उरलेलं नाही. त्यांनी सुपावर हात ठेवला, सुजाताच्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "काय गो बाय, अवंदा पन सूपच घेऊन आलीस? मांडीवर कायतरी घेऊन कदी येनार?"

सगळ्या माना सुजाताकडे वळल्या. बायकांत बसलेली ही माझ्याकडे बघत होती. मी बाप, पण परक्या घरात, परक्या बायकांत मी काय बोलणार? आणि माझ्या शेजारून, कानाच्या अगदी लगत, स्टँडवरचा तो आवाज सुटला.

"वयनी! जगातला सगळ्यात ल्हान देश कंचा, सांगा बगू!"

काकी दचकल्या. हात सुपावरच राहिला. "मला काय म्हाईत भावजी? आमच्या वाडीएवडा असंल."

"बरोबर! आपल्या वाडीएवडाच! व्हॅटिकन! आनि वयनी, ऐका, तितं कोन जल्माला येतच नाय!"

"आं?" काकींनी तोंडावर बोट ठेवलं. "मंग देश चालतो कसा?"

"बदलीवर!" व्याही आता उठून उंबऱ्यात उभे राहिले होते. "आपल्या डेपोसारका! नेमनूक झाली की मानूस त्या देशाचा, नेमनूक संपली की चालला आपल्या घरी. डेपोत काय कोन जल्माला येतो? तरी गाड्या सुटतात का नाय?"

"सुटतात," काकी म्हणाल्या. त्यांना ते पटलेलं दिसलं. पण लगेच दुसरी शंका आली. "आनि तितं सयपाक कोन करतो?"

यावर व्याह्यांची माहिती तोकडी होती, पण ते डगमगले नाहीत. तिथून ते मोनॅकोला गेले, मोनॅकोहून समुद्रमार्गे तुवालूला, तिथे पाणी वर येतंय आणि माणसं कुठे जाणार हा प्रश्न त्यांनी काकींनाच विचारला. कोणीतरी "आपल्याकडं पाठवा, घरं मोकळीच हायत" असं म्हणालं आणि बायका खदखदून हसल्या. ते थांबेनात. गौरीच्या मुखवट्यासमोर, सदऱ्याच्या बाह्या वर सारून, घामाघूम होऊन तो माणूस बेटामागून बेट काढत होता. शेवटी काकींनीच हात जोडले. "पुरे हो भावजी, डोस्का उटला माजा!" आणि त्यांनी घाईघाईने पुन्हा सुपावर हात ठेवला, "सुकात ऱ्हा गो बाय," म्हणाल्या आणि पाणी प्यायला स्वयंपाकघरात पळाल्या.

सुजाता सूप घेऊन माझ्याजवळून गेली. मला वाटलं होतं तिचे डोळे भरलेले असतील. ती हसू दाबत होती. "बाबा, घाबरलात ना?" ती सासऱ्यांकडे बघत हळूच म्हणाली. "गेल्या वर्षी मंगोलिया होता. तिथे माणसांपेक्षा मेंढ्या जास्त. काकी अर्धा तास मेंढ्यांचंच विचारत होत्या. अण्णा दर वर्षी उंबऱ्याजवळच बसतात."

मी तिथेच बसून राहिलो. इतक्या शनिवारांची बोलणी माझ्या डोक्यातून भराभर जायला लागली, आणि तेव्हा मला कळलं की एवढ्या वर्षांत आमच्या व्याह्यांच्या जगात कोणी जन्माला आलंच नव्हतं. त्यांच्या देशांत माणसं परमुलखातून यायची, पुष्कळ वर्षं जगायची, म्हातारी व्हायची, बोटीत बसून निघून जायची; आकडे चढायचे आणि उतरायचे; पण पाळण्याचं नाव एकदाही निघालेलं नव्हतं. लोकसंख्येवर वर्षानुवर्षं बोलायचं आणि ही एक गोष्ट टाळायची, हे किती अवघड असेल! मला हा माणूस त्या क्षणी फार आवडला. तसं त्याला सांगावं असंही वाटलं, पण व्याह्याला असं काही सांगायची आपल्याकडे पद्धत नाही.

जेवणं झाली, बायका आत आवराआवरीला लागल्या, पुरुषमंडळी जिथे जागा मिळेल तिथे आडवी झाली. आम्ही दोघं पडवीच्या पायरीवर बसलो. व्याह्यांचा आवाज बसला होता. चेहरा ओढल्यासारखा दिसत होता. मोबाइल त्यांनी बाजूला पालथा ठेवला होता. मी म्हटलं, "बरं केलंत तुम्ही." कशाबद्दल, हे त्यांनी विचारलं नाही. "दोगांनी लय सोसलंय," ते म्हणाले. "आनि आपन कशाला त्यात."

समोरच्या अंगणात पोरं खेळत होती, मुंबईहून आलेली, चार दिवसांनी जाणारी. व्याही त्यांच्याकडे बघत होते. आणि मग ते बोलले. इतक्या हळू, की इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मला त्यांच्याकडे वाकावं लागलं.

"एकादं नातवंड असतं ना व्याहीबुवा, तर हे सगळं त्यालाच सांगितलं असतं. तुमच्या डोक्याला कशाला ताप दिला असता?"

ते हसत होते. मला हसता आलं नाही. माझ्याजवळही अशा काही गोष्टी साठून राहिल्या होत्या, सांगायला कोणी नाही म्हणून. पण मी निदान गप्प बसून दमलो होतो, आणि हे बोलून बोलून. मी म्हटलं, "मला सांगा हो. मंगोलियाचं माझं ऐकायचं राहिलंय."

"आत्ता?"

"आत्ताच."

त्यांनी घसा खाकरला. मोबाइल उचलला नाही. मंगोलियात माणसं किती लांब लांब राहतात, एका तंबूतून दुसरा तंबू कसा दिसतही नाही, असं त्यांनी सांगायला सुरुवात केली. तेवढ्यात सुजाता ओले हात पदराला पुसत बाहेर आली आणि आमच्या दोघांच्या मधोमध खालच्या पायरीवर बसली. व्याही थांबले. तिने वर त्यांच्याकडे बघितलं.

"अण्णा," ती म्हणाली, "मी आत होते. पहिल्यापासून सांगा."

आणि त्यांनी पहिल्यापासून सांगायला घेतलं.